सशाच्या मागच्या बाजूला रोज सकाळी चिकट लगदा दिसतो. हे जुलाब आहेत की आहारात काही चुकते आहे?

प्रश्न: कृष्णाकाठ (सांगली)

नमस्कार. आमच्या घरी सव्वादोन वर्षांची, पांढऱ्या-तपकिरी रंगाची सशाची मादी आहे. तिचे नाव बकुळ. ती रात्री पिंजऱ्यात असते आणि दिवसभर मागच्या पडवीत मोकळी फिरते. गेल्या दीड महिन्यापासून सकाळी तिच्या शेपटीखालच्या केसांना काळसर, चिकट आणि उग्र वासाचा लगदा लागलेला असतो व तसाच लगदा खाली अंथरलेल्या गोणपाटावरही पसरलेला दिसतो. दिवसा मात्र ती नेहमीसारख्या गोल, कोरड्या लेंड्या टाकते. त्या लेंड्या पूर्वीपेक्षा बारीक आणि गडद झाल्या आहेत असे माझ्या सासूबाई सांगतात, आणि पडवी रोज त्याच झाडत असल्यामुळे त्यांचे म्हणणे मला खरे वाटते.

तिचा आहार जसा आहे तसा लिहिते. सकाळी एक वाटी दुकानात मिळणारे सशाचे खाद्य असते, ज्यात गोळ्यांबरोबर मक्याचे दाणे, सूर्यफुलाच्या बिया आणि रंगीत तुकडे मिसळलेले असतात. वाटी रिकामी झाली की पुन्हा भरली जाते. दुपारी भिजवलेले हरभरे, अर्धे गाजर आणि चपातीचा तुकडा, संध्याकाळी कोथिंबिरीच्या काड्या किंवा कोबीची पाने. मुले अभ्यासाला बसली की बिस्किटाचा तुकडाही तिच्या वाट्याला येतो. गवत म्हणावे तर गणपतीत दूर्वांची जुडी आणतो तेव्हाच काय ते मिळते. तिचे वजन २ किलो १०० ग्रॅम आहे.

तीन आठवड्यांपूर्वी शेजारी लग्न होते आणि रात्री उशिरापर्यंत फटाके वाजत होते. दुसऱ्या दिवशी सकाळपासून बकुळने कशालाही तोंड लावले नाही, एकही लेंडी टाकली नाही आणि ती कोपऱ्यात अंग आखडून बसून राहिली. संध्याकाळी ती आपोआप सावरली, म्हणून आम्ही कोणाला दाखवले नाही. त्यानंतर सकाळच्या लगद्याबद्दल एका ओळखीच्या औषध विक्रेत्याला विचारले असता त्यांनी हे जुलाब आहेत असे सांगून लहान मुलांसाठीचे प्रतिजैविकाचे सरबत दिले, हिरवा पाला बंद करायला सांगितला आणि दहीभात सुचवला. दहीभात दोन दिवस दिला, लगदा वाढला. सरबताची बाटली अजून फोडलेली नाही, कारण सशासारख्या लहान जिवाला माणसाचे औषध द्यायला माझा हात धजला नाही.

हे खरोखर जुलाब आहेत का? परदेशी टिमथी गवत कुरिअरने मागवणे आम्हाला दर महिन्याला परवडणारे नाही; मग येथे मिळणारे कोणते गवत द्यावे? आणि ती पुन्हा खायची थांबली तर किती वेळ वाट पाहावी?

प्रतिसाद: पशुवैद्य, पुणे

सर्वांत आधी त्या बाटलीविषयी. ती उघडू नका. मुलांच्या प्रतिजैविक सरबतांमध्ये बहुधा अमॉक्सिसिलिन असते, आणि अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन ही औषधे सशाला तोंडावाटे दिली तर त्याच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात, क्लॉस्ट्रिडियम जातीचे घातक जिवाणू माजतात व त्यांच्या विषाने ससा काही दिवसांत दगावू शकतो. सशाला प्रतिजैविक देताच येत नाही असे नाही. एन्रोफ्लॉक्सासिन किंवा ट्रायमेथोप्रिम-सल्फा यांसारखी औषधे आम्ही गरजेनुसार देतो, पण ती तपासणीनंतर आणि वजनाच्या हिशेबाने. तुमचा हात थांबला, हे बकुळचे नशीब.

आता मूळ प्रश्न. तुम्ही केलेल्या वर्णनावरून हे जुलाब वाटत नाहीत. जुलाबात दिवसभर पातळ शौच होते आणि गोल लेंड्या जवळजवळ बंद होतात. शिवाय मोठ्या सशातील खरे जुलाब ही तातडीने दवाखाना गाठण्याची स्थिती असते. तुमच्याकडे गोल लेंड्या चालू आहेत आणि लगदा फक्त पहाटेचा आहे. तो लगदा म्हणजे बकुळने न खाल्लेला तिचाच आहार आहे.

हे वाक्य विचित्र वाटेल, म्हणून जरा विस्ताराने सांगतो. गाय-म्हैस चारा आधी पोटात आंबवते आणि रवंथ करते. ससा रवंथ करत नाही. त्याचे आंबवण्याचे भांडे आतड्याच्या उत्तरार्धात असते. त्याला अंधनाल म्हणतात, आणि सशाच्या संपूर्ण अन्नमार्गातल्या ऐवजाचा सुमारे ४० टक्के भाग एकट्या अंधनालेत मावतो. गवत तेथवर पोहोचले की मोठ्या आतड्याचा सुरुवातीचा भाग त्याची चाळणी करतो: लांब, न पचणारा चोथा पुढे ढकलला जाऊन त्याच्या कोरड्या गोल लेंड्या बनतात, तर बारीक कण आणि रस उलट दिशेने अंधनालेत परत पाठवले जातात. तेथे जिवाणू त्यावर काम करून प्रथिने आणि ब-गटातील जीवनसत्त्वे तयार करतात. हा तयार माल काही तासांनी मऊ, चकचकीत, द्राक्षाच्या घोसासारख्या लहान गोळ्यांच्या रूपाने बाहेर येतो आणि ससा मान वळवून तो थेट गुदद्वारापाशीच तोंडात घेतो व न चावता गिळतो. म्हणून निरोगी सशाच्या मऊ लेंड्या मालकाला सहसा दिसतच नाहीत. फ्रेंच पशुवैद्य मोरो यांनी १८८२ मध्ये हे नोंदवून ठेवले आहे, तरी आजही अनेक घरांत त्या मऊ लेंड्या दिसल्या की त्यांना जुलाबच समजले जाते.

त्या शिल्लक का राहतात, हे महत्त्वाचे. बकुळच्या बाबतीत मला सर्वाधिक संशय आहाराचा आहे. मका, हरभरा, चपाती, बिस्किट, भात यांतला स्टार्च पूर्णपणे न पचता अंधनालेत उतरतो, तेथील जिवाणूंचे संतुलन बिघडवतो आणि मऊ लेंड्यांचा आकार न बांधता नुसता लगदा होतो, जो तिला उचलताच येत नाही. शिवाय पोट दाण्यांनी भरलेले असले की ससा मऊ लेंड्या खाण्याचा कंटाळा करतो. परंतु हे एकमेव कारण नाही. जाड झालेल्या सशाची मान मागे पोहोचत नाही. कंबर किंवा पाय दुखत असेल तरी तो वळत नाही. दाढा दुखत असतील तरी तो उचलत नाही. सशाचे २८ दात आयुष्यभर वाढत राहतात, पटाशीचे दात तर आठवड्याला साधारण २ ते ३ मिलिमीटर, आणि त्यांची झीज होते ती गवत तासन्‌तास आडवे दळल्यामुळे. गोळ्या आणि दाणे दोन चाव्यांत संपतात. दाढा झिजल्या नाहीत की त्यांना कडेने टोके येतात आणि ती जिभेला व गालाला टोचतात. पटाशीचे दात ओठ वर करून घरी पाहता येतात, दाढा मात्र दवाखान्यात उपकरणाने पाहाव्या लागतात, आणि त्यांची नीट तपासणी कधीकधी गुंगी देऊनच होते. बकुळच्या दाढा एकदा पाहून घ्या. डोळ्यांतून पाणी येणे, हनुवटी ओली राहणे, गाजर तोंडात धरून सोडून देणे, यांपैकी काही दिसत असेल तर लवकर पाहून घ्या.

आहाराचे प्रमाण सांगतो. पूर्ण वाढलेल्या सशाच्या आहारात गवताचा वाटा ८० टक्क्यांहून अधिक हवा, आणि ते गवत रात्रंदिवस समोर हवे. ताजा पाला रोज मूठ-दोन मुठी. गोळीखाद्य वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला फार तर २५ ग्रॅम, म्हणजे बकुळला ५० ग्रॅम. तेही एकसारख्या गोळ्यांचे आणि ज्यात दाणे, बिया, रंगीत तुकडे नाहीत असे. मिश्र खाद्यातून ससा गोड आणि पिठूळ तुकडे निवडून खातो आणि चोथ्याच्या गोळ्या तळाशी ठेवतो. गाजर हे सशाचे अन्न नाही, ते त्याचे पक्वान्न आहे. आठवड्यातून एक-दोनदा नखाएवढी चकती पुरेशी. हरभरे, चपाती, बिस्किट आणि दहीभात कायमचे बंद करा. दह्याबद्दल लोकांना वाटते की त्यातले जिवाणू पोटाला बरे, परंतु मोठ्या सशाच्या आतड्यातले जिवाणू वेगळ्या जातीचे असतात आणि दुधाची साखर त्याला नीट पचत नाही.

हा बदल मात्र एका दिवसात करू नका. दाणे आणि पिठाचे पदार्थ लगेच थांबवले तरी चालतील. गोळ्या तीन-चार आठवड्यांत हळूहळू कमी करा आणि रोज त्याच वेळी वजन घ्या. ससा उपाशी राहिला तर गवत खायला शिकेल हा समज घातक आहे, कारण उपाशी सशाच्या, विशेषतः जाड सशाच्या, यकृतात चरबी साठून तो त्यातूनच जाऊ शकतो.

आणखी एक गोष्ट, जी आपल्या हवामानात मला फार महत्त्वाची वाटते. मागची बाजू ओली आणि घाण राहिली की माशी अंडी घालते आणि एका दिवसात अळ्या पडतात. रोज सकाळी व संध्याकाळी शेपटीखाली उचलून पाहा. लगदा कोमट पाण्यात भिजवलेल्या कापडाने तेवढ्या भागापुरता पुसा आणि लगेच कोरडे करा. संपूर्ण सशाला अंघोळ घालू नका, तो घाबरून गारठतो.

प्रतिसाद: रानगवत (नाशिक)

गवताच्या बाबतीत मी काही सांगू शकतो. आमच्याकडे गेली सहा वर्षे ससे आहेत आणि त्यांपैकी पाच वर्षे मी एकही परदेशी गवताची पिशवी विकत घेतलेली नाही. टिमथी हे थंड प्रदेशातले गवत आहे. त्यात जादू नाही. सशाला हवा तो लांब, दळावा लागणारा चोथा, आणि तो आपल्या माळावरच्या गवतातही आहे.

सर्वांत सोपी ती हरळी, म्हणजेच दूर्वा. आपण देवाला वाहतो त्या कोवळ्या तीन पानांच्या जुड्या नव्हेत, तर त्याच वनस्पतीचे पूर्ण वाढलेले, काडी धरलेले गवत. ते ताजेही देता येते आणि वाळवूनही. माळरानावर मारवेल आणि पवना ही दोन गवते दिवाळीच्या सुमारास कापणीला येतात. फुलोरा नुकताच धरलेला असताना कापलेले गवत हिरवट, सुवासिक राहते आणि ससे ते आवडीने खातात. पूर्ण पिवळे झाल्यावर कापलेले गवत चोथ्याला चांगले, पण चवीला ससा त्याला नाक मुरडतो. सांगलीत वैरण विकणाऱ्यांकडे या गवतांची पेंढी मागून पाहावी. गुरांसाठी येणाऱ्या मालातून स्वच्छ पेंढी निवडून घेता येते. नेपियर किंवा गिन्नी गवत ताजे दिले तरी चालते, मात्र त्यात पाण्याचा अंश बराच असल्याने सुरुवात थोड्याने करावी.

काही गोष्टी टाळाव्यात. लसूणघास ससा अधाशासारखा खातो आणि म्हणूनच अनेक जण तीच देतात, पण ती शेंगवर्गीय आहे. तिच्यात प्रथिने आणि कॅल्शियम भरपूर असते. सहा महिन्यांच्या आतल्या वाढत्या पिलाला ती उपयोगी, मोठ्या सशाला रोज नको. कोवळी ज्वारी गुरांनाही बाधते हे आपल्याकडे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही; ती सशाच्या जवळपासही नको. भाताचा पेंढा पिंजऱ्यात अंथरायला उत्तम आहे, अन्न म्हणून फार निकृष्ट. हिरवळीवरून यंत्राने कापलेल्या गवताचा ढीग तासाभरात गरम होऊन आंबायला लागतो, तो देऊ नये. रस्त्याकडेचे किंवा फवारणी झालेल्या बांधावरचे गवत तर अजिबात नको.

वाळवताना कडक उन्हात चार दिवस न ठेवता, वारा लागेल अशा सावलीत उलटसुलट करावे. रंग आणि वास टिकतो. साठवण प्लॅस्टिकच्या पिशवीत करू नये, गोणपाटात किंवा भोके पाडलेल्या खोक्यात करावी. पावसाळ्यात प्रत्येक मूठ हातात घेऊन वास घ्यावा. बुरशीचा किंवा धुळीचा थोडाही वास आला तर ती पेंढी गुरांनासुद्धा न देता टाकून द्यावी.

बकुळला गवताची ओळखच नाही, म्हणून पहिल्या आठवड्यात ती त्यावर बसेल आणि त्यात घाण करेल. ते चालू द्यावे. ससा खाता खाता लेंड्या टाकतो, त्यामुळे गवताची जाळी लेंड्यांच्या तबकाच्या अगदी वर टांगली तर तो आपोआप तेथे बसून चघळायला लागतो. गवतात पुदिन्याची वाळलेली पाने किंवा कोथिंबिरीच्या काड्या मिसळाव्यात. आमच्या एका सशाने एकोणीस दिवस घेतले; विसाव्या दिवशी पहाटे दळण्याचा आवाज आला तेव्हा मी अंथरुणातून उठून बसलो होतो.

कृष्णाकाठ

दोघांचे मनापासून आभार. बाटली आजच टाकून दिली. दाढांच्या तपासणीसाठी येत्या शनिवारी वेळ घेतली आहे. वैरण विकणाऱ्यांकडे मारवेलाची पेंढी मिळाली. वास चांगला आहे. बकुळने पहिल्या दिवशी ती फक्त ओढून बाहेर काढली.

पाल्याबद्दल एक शंका राहिली. घरात पालक, मेथी, मुळ्याचा पाला, शेवगा हे नेहमी असते. यांपैकी काय चालेल? आणि ती खायची थांबली तर काय करायचे, हा माझा तिसरा प्रश्न अजून मनात घोळतो आहे. त्या लग्नाच्या दुसऱ्या दिवसाची भीती अजून गेलेली नाही.

प्रतिसाद: खिडकीतली अबोली (डोंबिवली)

तुमच्या तिसऱ्या प्रश्नासाठीच लिहीत आहे. आमच्या सशाने दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या रात्री खाणे सोडले. फटाक्यांमुळे घाबरला असेल, सकाळी खाईल, असे आम्ही धरून चाललो. सकाळी त्याने पाणीही घेतले नाही. तेव्हा एका ओळखीच्या व्यक्तीने सांगितले की पोटात केसांचा गोळा अडकला असेल, अननसाचा रस पाजा. आम्ही चमच्याने रस आणि नंतर पाण्यात कालवलेले खाद्य पाजत राहिलो, आणि दुपारपर्यंत त्याचे पोट ढोलासारखे ताठ झाले. सुट्टीचा दिवस असल्यामुळे ससा तपासणारा दवाखाना शोधण्यात आणखी चार तास गेले. तो वाटेतच गेला.

त्या दिवसापासून मी दोन गोष्टी करते. घराजवळचे, सशांवर उपचार करणारे दोन दवाखाने आणि रात्री उघडे असणारे एक ठिकाण यांचे क्रमांक फ्रिजवर लावलेले आहेत, आणि ते आधीच दूरध्वनी करून विचारून घेतले आहेत, कारण कुत्र्या-मांजरांचे सगळेच दवाखाने ससा घेत नाहीत. दुसरे, आताच्या आमच्या मादीला रात्री साडेनऊला आवडीचे एक पान देते. ते तिने पळत येऊन घेतले नाही तर मी झोपत नाही. संध्याकाळी सावरली म्हणून तुम्ही दाखवले नाही, हे मी समजू शकते. मीही तेच केले असते. पण पुढच्या वेळी थांबू नका.

प्रतिसाद: पशुवैद्य, पुणे

अबोलीताई, तुमचा अनुभव वाचून वाईट वाटले. तुम्ही लिहिलेल्या दोन्ही सवयी मी यापुढे माझ्याकडे येणाऱ्यांना सांगेन.

ससा ओकू शकत नाही. त्यामुळे त्याच्या पोटात गेलेले पुढेच सरकावे लागते, आणि ते सरकणे थांबले की सगळेच थांबते. भीती, वेदना, उन्हाळ्यातला ताप, पाण्याची कमतरता, दाढांचे दुखणे, चोथ्याचा अभाव, यांपैकी कशानेही आतड्याची हालचाल मंदावते. मंदावलेल्या आतड्यात वायू होतो, वायूने दुखते, दुखल्यामुळे ससा आणखी खात नाही. सशाच्या पोटात केस असतातच, कारण तो दिवसभर स्वतःला चाटतो. आतडे चालत असते तोवर ते लेंड्यांबरोबर निघून जातात. केसांचा घट्ट गोळा बहुतेक वेळा आतडे थांबल्यामुळे आणि पोटातले पाणी शोषले गेल्यामुळे बनतो. अननसाचा रस तो विरघळवत नाही, उलट साखर पोहोचवतो.

किती थांबावे, तर मी असे सांगेन: ससा आवडीचा पदार्थ नाकारतो आहे आणि लेंड्या थांबल्या आहेत असे दिसल्यास त्याच दिवशी दाखवावे, आणि १२ तासांवर तर जाऊच नये. कुबड काढून बसणे, दात करकर वाजवणे, पोट जमिनीला दाबून पुन्हापुन्हा जागा बदलणे ही वेदनेची लक्षणे आहेत. पोट ताठ आणि फुगलेले लागत असेल, कान गार पडले असतील किंवा ससा लोळागोळा झाला असेल, तर तासांचाही हिशेब करू नये. सशाचे नेहमीचे तापमान ३८.५ ते ४० अंश सेल्सिअस असते. ते ३८ च्या खाली उतरणे हे तापापेक्षाही वाईट चिन्ह आहे. अशा वेळी कोमट पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून त्याच्या शेजारी ठेवावी, त्याला सरकता येईल एवढी जागा सोडून, आणि निघावे.

पाजण्याविषयी. आतडे नुसते मंदावले असेल तर सिरिंजने चोथ्याचे पातळ खाद्य देणे हा उपचाराचाच भाग आहे. पण वाट कोठे बंद झाली असेल, तर पाजलेला प्रत्येक चमचा पोट आणखी ताणतो, आणि आतडे हलवणारी औषधेही तेथे घातक ठरतात. या दोन अवस्था बाहेरून सारख्या दिसू शकतात. आम्ही पोट चाचपून, क्ष-किरण काढून आणि रक्तातली साखर मोजून त्यांतला फरक ओळखतो. वाट बंद असलेल्या सशात साखर बहुधा फार वाढलेली सापडते. म्हणून तपासणीआधी घरी काहीही जबरदस्तीने पाजू नये. अबोलीताई, त्या दिवशी तुम्हाला हे कोणी सांगितले नव्हते.

पाल्याचे थोडक्यात. कोथिंबीर, पुदिना, मुळ्याचा व गाजराचा पाला, तुळस, जास्वंदीची पाने हे आलटून पालटून चालेल. मेथी अधूनमधून. पालकात ऑक्झॅलेट फार, म्हणून आठवड्यातून एखाद-दुसरे पान. शेवग्यात कॅल्शियम भरपूर असते आणि सशाचे शरीर आहारातले कॅल्शियम गरज नसतानाही शोषून घेते व उरलेले लघवीवाटे टाकते. लघवी खडूच्या पाण्यासारखी घट्ट दिसू लागली तर शेवगा आणि लसूणघास दोन्ही थांबवावे. कोबीने काही सशांना वायू होतो, बकुळला सध्या देऊ नका. कांदा, लसूण, बटाट्याचा पाला आणि चॉकलेट कधीच नको. पाणी बाटलीच्या नळीऐवजी जड वाडग्यात ठेवा; वाडग्यातून ससा मोकळेपणाने आणि जास्त पाणी पितो, आणि सांगलीच्या उन्हाळ्यात त्याने फरक पडतो.

कृष्णाकाठ

पाच आठवड्यांनी लिहीत आहे. शनिवारच्या तपासणीत डाव्या बाजूच्या खालच्या दोन दाढांना आतून टोके आलेली निघाली आणि जिभेवर लहान जखम होती. गुंगी देऊन टोके घासली. ससा ओकत नसल्यामुळे त्याआधी उपाशी ठेवायचे नाही, असे डॉक्टरांनी आवर्जून सांगितले, हे मला नवीन होते. ती घरी आल्यावर तिसऱ्या दिवसापासून मारवेल खाऊ लागली.

गोळ्या आता ५५ ग्रॅमवर आल्या आहेत. वजन २ किलो ३० ग्रॅम आहे. सकाळचा लगदा आधी एक दिवसाआड, मग आठवड्यातून दोनदा, आणि गेले अकरा दिवस अजिबात नाही. सासूबाई म्हणतात की लेंड्या हरभऱ्याएवढ्या मोठ्या आणि फिकट झाल्या आहेत, आणि फोडून पाहिल्या तर आत नुसता गवताचा भुसा दिसतो. मुलांनी बिस्किटांऐवजी कोथिंबिरीची काडी द्यायला सुरुवात केली आहे. धाकट्याने पहिले चार दिवस रडून घेतले, आता रात्री साडेनऊचे पान देण्याचे काम त्याच्याकडे आहे. दवाखान्यांचे क्रमांक फ्रिजवर लावले आहेत.